मशिदीतल्या खुर्च्या

आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत पूर्वी कोपऱ्यात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या असायच्या. त्या कोण वापरतं हे सगळ्यांना पाठ होतं. आता जुम्याहून परतलेले घरातले पुरुष सांगतात, सफेच्या दोन्ही टोकांना खुर्च्याच खुर्च्या असतात, आणि त्यांवर पन्नाशीतले लोकही दिसतात. कोणाला खुर्चीवर नमाज जायज आणि कोणाला नाही, हा मसला आलिमांचा. त्यात मी पडत नाही. पण पुरुषांचे गुडघे निदान मशिदीत मोजले तरी जातात. बायकांची नमाज घरात होते, त्यामुळे त्यांच्या गुडघ्यांची गिनती कुणीच करत नाही.

माझी खाला बासष्ट वर्षांची आहे. दोन वर्षं ती पलंगाचा पाय धरून सजद्यातून उठत होती आणि घरात कुणाला ठाऊक नव्हतं. दिवसाच्या पाच नमाजांच्या फर्ज रकाती सतरा, म्हणजे चौतीस सजदे. सुन्नत, नफिल वेगळ्या, आणि रमजानमध्ये तरावीहच्या वीस रकाती पढल्या तर आणखी चाळीस. आजारी माणसाला बसून, तेही जमत नसेल तर आडवं पडून नमाज पढायची सवलत दीनने दिलेली आहे. पण "इतक्या लवकर बसून?" असं कुणी म्हणेल म्हणून खालाने ती घेतली नाही.

शेवटी डॉक्टरकडे नेलं. एक्स-रे पाहून ते म्हणाले, "झीज झालीय." आणि इथून खरा बिघाड सुरू झाला.

मी भाषा शिकवते, म्हणून असेल, पण या शब्दाचा मला राग आहे. झिजते ती चपल, झिजतो तो टायर. जेवढा वापर तेवढी झीज, म्हणून जपून ठेवायचं. खालाने नेमकं हेच ऐकलं. जिना बंद, बाजार बंद, दिवसभर तख्तावर बैठक. आठ महिन्यांत मांड्या सुकल्या, वजन वाढलं, आणि संडासात उठायला सुनेला हाक मारायची वेळ आली. तिने मला फोनवर सांगितलं, "घुटने गए मेरे." मला तर वाटतं, गुडघ्यांआधी मांड्या गेल्या होत्या.

आम्ही तिला ज्या फिजिओथेरपिस्टकडे नेलं, त्या बाईंनी समजावलं ते असं. गुडघ्यातल्या हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिला खुराक मिळतो सांध्यातल्या पातळ द्रवातून. गुडघा वाकतो, सरळ होतो, भार येतो, भार जातो, तेव्हा हा द्रव कूर्चेत आत-बाहेर होतो, ओला स्पंज दाबून सोडावा तसा. सांधा पडून राहिला की कूर्चेचीच उपासमार. शिवाय मांडीच्या पुढचा मोठा स्नायू चालताना बसणारा धक्का झेलतो. तो दुबळा झाला की सगळा मार सांध्यावर.

तिला दिलेले व्यायाम फार साधे होते. खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ करायचा, दहा आकडे मोजायचे, सावकाश खाली. मग दुसरा. आणि हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं, बसायचं. सुरुवातीला तिला तीनदाच जमलं. व्यायामाने थोडं दुखणारच. पण दुसऱ्या दिवशीही दुखणं वाढलेलं राहिलं, तर कमी करायचं, सोडायचं नाही.

वजनाचा हिशोब ऐकून मात्र मीच चमकले. शरीराचं एक किलो कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी उतरतो. आपल्याकडे इफ्तारच्या दस्तरख्वानावरचे भजे आणि शरबत पाहता हा हिशोब उलटा किती चढत असेल, ते तुम्हीच मांडा.

"मी दिवसभर घरात राबते, मला कसला व्यायाम?" हे आपल्या बायकांचं ठरलेलं उत्तर. उकिडवं बसून तासभर कपडे घासणं, जमिनीवर बसून भाकऱ्या थापणं, हे गुडघ्याला वाकवून दाबून ठेवणं आहे. त्याने मांडी मजबूत होत नाही. ओटा, उंच पाट, कमोड यांत पैसे घालायला घरचे कुरकुरतात, आणि तेच पुढे ऑपरेशनसाठी दागिने मोडतात. 2017 मध्ये सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली, हे चांगलं झालं. पण हॉस्पिटल, भूल, औषधं यांचा खर्च आहेच. ज्यांना ऑपरेशनची खरी गरज आहे त्यांनी घाबरू नये. मी बोलतेय त्याच्या वीस वर्षं आधीबद्दल.

सगळी सांधेदुखी एक नसते, हेही सांगायला हवं. सकाळी दोन्ही हातांची बोटं तासाहून जास्त आखडलेली राहत असतील, सुजत असतील, तर तो संधिवात वेगळा. त्यात शरीराची संरक्षणव्यवस्थाच सांध्यांवर उलटते. त्यावर औषध लवकर सुरू झालं तर सांधे वाचतात, म्हणून महिने काढू नयेत. बीडी-सिगारेटने त्याचा धोका वाढतो. आणि बकरी ईदनंतर कलेजी-गुर्द्याच्या दावती झाल्यावर मध्यरात्री पायाचा अंगठा लाल होऊन ठणकू लागला, तर युरिक ॲसिड तपासून घ्या. नजर लागलेली नसते.

सांधेदुखीवर बिननावाच्या पुड्या मिळतात. एका दिवसात आराम पडतो, कारण पुष्कळदा त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. पुढे साखर वाढते, हाडं पोकळ होतात. खालानेही अशी पुडी मागवली होती. ती मी गटारात टाकली. त्यावरून ती माझ्याशी चार दिवस बोलली नाही.

आता ती कियाम उभ्याने करते, सजद्यासाठी खुर्ची घेते, आणि त्याची तिला शरम उरलेली नाही. गुडघे दुखतात अजून. परवा फोन आला, मंडईपर्यंत पायी गेली होती म्हणे. "जाते वक्त पैदल गई, आते वक्त रिक्षा की. बैंगन भोत महंगे हुए हैं."