निकाल शून्य, तरी बॅकअप?
ग्रुप पॉलिसीचा बॅकअप घेणारी स्क्रिप्ट रात्री चालते, टास्क शेड्युलर निकाल शून्य दाखवतो आणि आपण निर्धास्त होतो. ही निर्धास्ती मला धोक्याची वाटते. आत ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ येऊन गेला, तरी पॉवरशेल शून्यावर संपू शकते. शिवाय डिलीट झालेली पॉलिसी रिस्टोअर केली, तरी तिची ओयूशी असलेली जोडणी परत येत नाही. डब्ल्यूएमआय फिल्टर तर बॅकअपमध्ये नसतोच. दोन्ही वेगळे नोंदवायला हवेत. कोणी म्हणेल, नांदगावच्या छोट्या कार्यालयात एवढा खटाटोप कशाला? उलट तिथेच तो जास्त हवा. जाणकार माणूस शंभरेक किलोमीटरवरच्या नाशिकहून येईपर्यंत काम ठप्प! म्हणून स्क्रिप्टचा लॉग आणि ती ज्या खात्यावर चालते त्याचे अधिकार आधी तपासावेत. मग एखादी पॉलिसी चाचणीच्या डोमेनमध्ये खरोखर उतरवून पाहावी.