कुलाब्यांतील एक शनिवार

आमचें आयुष्य पंचवटींतील घर व शाळा यांमधल्या रस्त्यावर गेलें. मद्यगृहाची पायरी साठी उलटेपर्यंत आम्हीं चढलों नव्हतों. चढलों ती मुंबईस, एका जुन्या विद्यार्थ्याच्या आग्रहावरून. विषय कित्येक वाचकांस अप्रशस्त वाटेल. तथापि आमच्या हातून घडलेली एक गोष्ट त्यांत गुंतलेली आहे, म्हणून लिहितों.

हा विद्यार्थी पाठांतरांत अव्वल. अमरकोश म्हणतांना ‘तृतीया प्रकृति’ हा शब्द आला कीं मागच्या बाकांवर खसखस पिके आणि आम्ही छडी आपटून पुढें जात असूं. तो मात्र हंसत नसे, हें आमच्या ध्यानीं फार उशिरां आलें. पुढें तो मुंबईस नोकरीला लागला. १९९६ सालीं सुट्टींत आला असतां रामकुंडावर आम्हांस गांठून म्हणाला, “गुरुजी, माझें मन स्त्रीकडे वळत नाहीं, पुरुषाकडे वळतें. घरांत लग्नाचें चाललें आहे. काय करूं?” आम्हीं क्षणाचाही विचार न करतां सांगितलें, “लग्न कर. संसारांत पडलास म्हणजे सर्व सुरळीत होईल.” त्यानें गुर्वाज्ञा पाळली.

चार वर्षांनीं तें लग्न मोडलें. ती मुलगी एके दिवशीं आमच्या घरीं आली आणि ओटीवर उभी राहून आमच्या पत्नीस विचारती झाली, “गुरुजींना आधीं ठाऊक होतें का?” आम्ही देवघरांत होतों. प्रश्न स्पष्ट ऐकूं आला. बाहेर मात्र आलों नाहीं.

असो. गेल्या मार्गशीर्षांत तो आम्हांस ताजमहाल हॉटेलाच्या मागील टुलक रोडवरील ‘गोकुळ’ नांवाच्या बारमध्यें घेऊन गेला. नांव ऐकून आम्हांस उगाच दहींहंडी आठवली. आम्हीं लिंबाचें सरबत मागविलें. जागा अगदीं साधी, गोंगाटाची. नव्वदच्या दशकांत शनिवारीं संध्याकाळीं त्याच्यासारखे पुरुष येथें जमत. पाटी नाहीं, जाहिरात नाहीं. एकानें दुसऱ्यास सांगावें एवढेंच. कारकून, डॉक्टर, गिरणींतला कामगार एका टेबलाशीं बसत. रात्र चढली म्हणजे ऐपत असेल ते जवळच्या आर्थर बंदर रोडवरील ‘वूडू’ नांवाच्या पबमध्यें जात. तेथली शनिवारची रात्र त्यांची म्हणून ओळखली जाई. “आठवड्याचे सहा दिवस मी दुसऱ्याच कोणाचें आयुष्य जगत असें, गुरुजी,” तो म्हणाला. त्याच्या त्या सहा दिवसांत आमच्या सल्ल्याचा वांटा केवढा होता, हें त्यानें बोलून दाखविलें नाहीं.

तेव्हां १८६० च्या दंडसंहितेचें ३७७ वें कलम डोक्यावर टांगलेलें होतें. अशोक राव कवि यांनीं १९९० सालीं ‘बॉम्बे दोस्त’ हें नियतकालिक काढलें, १९९४ सालीं ‘हमसफर ट्रस्ट’ उभी राहिली. पण नाशकास त्याचा वारा आला नव्हता, निदान आमच्या शिक्षकांच्या खोलींत तरी नाहीं. दिल्ली उच्च न्यायालयानें २००९ सालीं दिलेली मोकळीक सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं काढून घेतली आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजीं पुन्हा दिली. १ जुलै २०२४ पासून ती जुनी दंडसंहिताही राहिली नाहीं.

मग आनंदीआनंद असावयास हवा! पण आमचा विद्यार्थी सभोंवार पाहून जरा खिन्न झाला. शेजारच्या टेबलांवर कॉलेजांतलीं मुलें-मुली, कचेऱ्यांतले तरुण. कोण कोणत्या मनाचा, हें ओळखूं येत नव्हतें आणि कोणास त्याची पर्वाही दिसली नाहीं. ‘वूडू’ आतां उरलें नाहीं. भेटीगांठी फोनवर ठरतात, रात्रींचे मेळावे मोठ्या हॉटेलांत भरतात. “तेथें मला कोणी अडवीत नाहीं,” तो म्हणाला, “पण पन्नाशींतल्या माणसाशीं बोलावयास कोण थांबतो? आणि त्या कामगाराला तो खर्च कसा झेपावा?” जुने दिवस परत यावेत असें मात्र त्याला वाटत नाहीं. भीतीमुळें जमलेली सोबत भीति गेल्यावर पांगली, इतकेंच.

न्यूयॉर्कच्या ‘स्टोनवॉल’ बारवर १९६९ सालीं पोलिसांनीं धाड घातली तेव्हां गिऱ्हाइकांनीं प्रतिकार केला. त्या स्थळास २०१६ सालीं राष्ट्रीय स्मारकाचा मान मिळाला. लंडनच्या ‘रॉयल वॉक्सहॉल टॅव्हर्न’ची इमारतही २०१५ सालीं संरक्षित ठरली. आमच्याकडे जागा त्यांची कधींच नव्हती, फक्त वार त्यांचा होता. शनिवारावर संगमरवरी पाटी कशी बसवावी?

उठतांना आम्हीं धीर करून त्या मुलीची चौकशी केली. ती आतां पुण्यास असते, पुन्हा संसार थाटला आहे, दिवाळींत याची खुशाली विचारते. “तिनें मला केव्हांच क्षमा केली,” तो म्हणाला. “तुमच्याबद्दल तिनें कधीं विचारलें नाहीं. पत्र लिहा, गुरुजी. पत्ता मी देतों.”

नाशकास परतून महिना झाला. मायना ‘चि. सौ.’ असा लिहून दोनदां खोडला आहे. तिसऱ्या कागदावर नुसतें तिचें नांव लिहिलें असून त्याखालीं, ओटीवरच्या प्रश्नाचें उत्तर म्हणून, “होय, ठाऊक होतें,” एवढेंच आजवर लिहून झालें आहे.