जॉनी मरतो तेव्हा

‘द रूम’च्या शेवटी जॉनी मरतो. आपली होणारी बायको लिसा जिवलग मित्राच्या, मार्कच्या नादी लागली आहे, हे ऐन वाढदिवसाच्या मेजवानीत उघड होतं. तो घरातलं सामान उधळतो, टीव्ही खिडकीबाहेर भिरकावतो, लिसाचा लाल पोशाख कवटाळून जमिनीवर पडतो आणि अखेर पिस्तुलाने स्वतःला संपवतो. लिसा, मार्क आणि जॉनीने मुलासारखा सांभाळलेला डेनी त्याच्या प्रेतापाशी रडतात. थिएटर मात्र हसत असतं, अगदी गडाबडा.

२७ जून २००३ रोजी हा चित्रपट लॉस एंजेलिसमध्ये लागला. लेखक, दिग्दर्शक, निर्माता आणि जॉनी, सगळं एकच माणूस: टॉमी वायझो. खर्च साठ लाख डॉलर झाल्याचं सांगतात. पहिल्या दोन आठवड्यांत हाती आले जेमतेम अठराशे. फिल्मवर चित्रण करावं की डिजिटलवर, हे ठरेना, म्हणून त्याने दोन्ही कॅमेरे विकत घेतले आणि शेजारी शेजारी ठेवून एकाच वेळी चालवले. हॉलिवूडच्या हायलँड अव्हेन्यूवर त्याच्या चेहऱ्याचं भलंमोठं होर्डिंग लागलं, ते वर्षानुवर्षं उतरलंच नाही. मला त्यात नुसता हट्ट दिसत नाही. आपलं ऐकून घेतलं जावं म्हणून माणूस काय काय पणाला लावतो, ते दिसतं.

या चित्रपटातला सगळ्यांत गाजलेला हशा मात्र शेवटाच्या आधीच येतो. जॉनी मुठी वर उचलून लिसापुढे टाहो फोडतो, की तू माझ्या चिंधड्या करते आहेस. हा टाहो उसना आहे. ‘रेबेल विदाउट अ कॉज’मध्ये जेम्स डीन पोलीस ठाण्यात, आईवडिलांच्या भांडणात भरडला जात, जवळजवळ त्याच शब्दांत ओरडतो. डीन ३० सप्टेंबर १९५५ला मोटार अपघातात गेला, वयाच्या चोविसाव्या वर्षी, आणि चित्रपट पुढच्याच महिन्यात आला. म्हणजे पहिल्या प्रेक्षकांनी तो आक्रोश ऐकला, तेव्हा ओरडणारा पोरगा या जगात नव्हता. तिथे अंगावर काटा येतो. वायझो त्या डीनचा भक्त होता. तेच शब्द त्याने जीव ओतून म्हटले आणि लोक खुर्चीतून घसरेपर्यंत हसले.

असं का व्हावं? डीन ओरडायच्या आधी आपण त्याची घुसमट पाहिलेली असते. बाप एक म्हणतो, आई दुसरं, पोरगा मध्ये. ‘द रूम’मध्ये लिसाची आई गप्पांच्या ओघात स्वतःला स्तनाचा कर्करोग असल्याचं सांगते आणि पुढे त्याचा उल्लेखसुद्धा येत नाही. चित्रपटच आपल्या माणसांची दुखणी विसरला, तर प्रेक्षकाने ती कशी लक्षात ठेवावी? शिवाय वायझोचे बरेच संवाद नंतर पुन्हा ध्वनिमुद्रित केलेले. ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. हुंदका अर्ध्या क्षणाने उशिरा आला की त्याची उचकी होते. इंग्रजीही त्याच्या अंगवळणी पडलेली नाही. वाक्यं अशी येतात, की एखादा परका माणूस पाठ केलेल्या शब्दांत आपलं काळीज उघडू पाहतो आहे.

आणि तरीही, किंवा कदाचित म्हणूनच, मला जॉनीचं दुःख खोटं वाटत नाही. सराईत दिग्दर्शक स्वतःची जखम झाकतो आणि आपल्याला पात्राची जखम दाखवतो. वायझोला ते झाकणं जमलं नाही. सगळे आपल्यावर उलटले, मी एवढा भला असून उलटले, आणि मी मेल्यावर तरी त्यांना माझी किंमत कळेल: ही शाळकरी, उघडीवाघडी इच्छा त्या शेवटात जशीच्या तशी आहे. ती आपल्यातल्या पुष्कळांनी कधीतरी, रुसून भिंतीकडे तोंड करून झोपताना केलेली असते. ती पडद्यावर एवढी मोठी दिसली, की आपण हसून मोकळे होतो. त्या हसण्यात ओळख पटल्याची लाज किती आणि तुच्छता किती, हे मला सांगता येणार नाही. पण निव्वळ तुच्छतेपायी माणसं एकाच चित्रपटाला वर्षानुवर्षं मध्यरात्री जात नाहीत.

आणि ती जातात. जॉनीच्या घरात चमच्याचं चित्र चौकटीत लावलेलं आहे. ते दिसलं, की थिएटरात प्लास्टिकचे चमचे उडतात. संवाद एका सुरात म्हटले जातात. अनेकदा वायझो स्वतः तिथे हजर असतो, काळा चष्मा लावून, प्रश्नांना उत्तरं देत. मार्कची भूमिका करणाऱ्या ग्रेग सेस्टेरोने २०१३मध्ये टॉम बिसेलबरोबर या चित्रीकरणावर ‘द डिझास्टर आर्टिस्ट’ हे पुस्तक लिहिलं आणि त्यावरून २०१७मध्ये जेम्स फ्रँकोचा चित्रपट आला. तिथेही मैत्री आहे, वायझो आणि सेस्टेरोची, आणि ती खरी वाटते.

मला खुपतं ते एवढंच, की पुढे वायझो आपल्या चित्रपटाला काळी विनोदिका म्हणू लागला. लोकांना हसायची मोकळीक देता देता त्याने आपलं रडणंच नाकारलं. सुरुवातीच्या जाहिरातीत त्याने टेनेसी विल्यम्सच्या उत्कटतेची ग्वाही दिली होती, म्हणजे त्याला हशा नको होता, हुंदके हवे होते. मी ती पहिली जाहिरात खरी मानते, नंतरची सारवासारव नाही.