तिसरी तार

2003 च्या दिवाळीच्या सुट्टीत बाबांनी मला ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका दाखवायला नेलं. तेव्हा ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. मी अकरा वर्षांचा. डेकवर आलो आणि वाटलं, एवढंच? जेमतेम दोनशे मीटर लांबी, आणि त्यातही विमान उतरायला मिळायची ती डावीकडे तिरकी गेलेली पट्टी. तिथे माहिती द्यायला एक निवृत्त नौसैनिक होते. बाबांनी त्यांना विचारलं, “साहेब, एवढ्याशा जागेत विमान थांबतं कसं?” ते म्हणाले, “शेपटाखालचा हुक डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकतो, म्हणून थांबतं. पण चाकं टेकली की पायलट इंजिन कमी करत नाही हं. उलट पूर्ण सोडतो.”

थांबायचंय तर इंजिन पूर्ण का सोडायचं? मला काही कळलं नाही. परतताना लोकलमध्ये बाबांना विचारलं, त्यांनाही सांगता आलं नाही. उत्तर मिळायला सतरा वर्षं लागली आणि ते मला ठाण्यातल्या घरात, संगणकासमोर मिळालं.

2020 च्या टाळेबंदीत मी डीसीएस हे सिम्युलेटर शिकायला घेतलं. विमान एफ-18 हॉर्नेट, जहाज ‘थिओडोर रूझवेल्ट’. दोन्ही अमेरिकी नौदलाची. हे जहाज जुन्या विक्रांतपेक्षा शंभरेक मीटरने मोठं, डेकवर चार तारा. वैमानिकाने धरायची ती तिसरी. पहिली धरली म्हणजे डेकच्या मागच्या कडेच्या फार जवळून आलात, आणि ती कड म्हणजे पोलादी भिंतच.

दिवसाउजेडी उतरण्याची पद्धत ठरलेली आहे. आठशे फुटांवरून जहाजाच्या उजव्या अंगाने पुढे जायचं, डावीकडे तीव्र वळण घेऊन वेग मारायचा, सहाशे फुटांवर चाकं, फ्लॅप, हुक खाली. मग जहाजाच्या उलट दिशेने जाऊन पुन्हा डावं वळण. हे सगळं चार संध्याकाळींत जमलं. खरी गोष्ट सुरू होते त्यानंतर. वळण संपून विमान डेकच्या रेषेत आलं की हातात उरतात पंधरा ते अठरा सेकंद. माझे पुढचे पाच महिने या अठरा सेकंदांत गेले.

त्या वेळी विमानाचा वेग ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास असतो. समोर डेक दिसतं आणि डोळे तिथेच खिळतात. हीच चूक. डेककडे पाहत आलं की आपण नकळत त्याच्याकडे नाक झुकवतो आणि खाली जातो. पाहायचं असतं ते डेकच्या डाव्या बाजूच्या दिव्यांकडे. हिरव्या दिव्यांची एक आडवी ओळ, आणि तिच्या मधोमध वरखाली होणारा पिवळसर ठिपका. याला मीटबॉल म्हणतात. ठिपका ओळीत असेल तर वाट बरोबर, ओळीच्या वर गेला तर आपण उंच, खाली गेला तर आपण खाली. अगदी तळाला गेला की तो लाल होतो.

माझ्या पडद्यावर पाऊण मैलावरून हा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा दिसायचा. पण या टाचणीच्या टोकामागचा विचार मला फार थोर वाटतो. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटिश नौदलातल्या निकोलस गुडहार्ट यांना ही कल्पना सुचली. त्यांनी म्हणे एका छोट्या आरशावर लिपस्टिकची आडवी रेघ ओढली, समोर टॉर्च ठेवला, आणि त्या प्रकाशाचं प्रतिबिंब रेघेवर धरून चालत आलं की माणूस बरोबर टेबलापाशी येतो हे दाखवलं. तोवर डेकवर उभा असलेला अधिकारी हातातल्या पाट्या हलवून वैमानिकाला वरखाली सांगायचा. जेट विमानांच्या वेगापुढे ते पुरं पडेना.

आता हातांचं. रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या माणसाला वाटतं, स्टिक म्हणजे दिशा आणि थ्रॉटल म्हणजे वेग. इथे ते उलटं होतं. विमानाचा हवेशी असलेला कोन आधी ट्रिम करून 8.1 अंशांवर बसवायचा. मग स्टिकने उंची दुरुस्त करायची नाही, ती थ्रॉटलने करायची. ठिपका खाली सरकला की पॉवर द्यायची, तो वर येऊ लागला की काढायची, आणि लगेच पुन्हा थोडी द्यायची. ही तिसरी हालचाल विसरलात तर विमान डेकजवळ दगडासारखं खाली जातं. सिम्युलेटरमधला लँडिंग अधिकारी कानात ओरडतो, “पॉवर! पॉवर!” आणि पाठोपाठ “वेव्ह ऑफ!”, म्हणजे सोडून द्या, परत फिरून या. त्यात जहाज पुढे चाललेलं आणि उतरायची पट्टी नऊ अंश डावीकडे तिरकी, त्यामुळे मधली रेघ सतत उजवीकडे सरकत राहते. तिच्यामागे उजवीकडे बारीक बारीक झुकत राहावं लागतं.

जुलैत पंधरा दिवस माझं काहीच जमेना. ठिपका मध्येच उडी मारायचा. मी स्वतःच्या हाताला दोष देत राहिलो. शेवटी एका रविवारी थ्रॉटलचा तळ उघडला. आतल्या पोटेन्शिओमीटरमध्ये काळपट धूळ साचली होती आणि साठ टक्क्यांच्या आसपास आकडा थरथरत होता. नेमका तिथेच, जिथे उतरताना हात असतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन फवारे मारले, दांडा वीसेक वेळा मागेपुढे केला, आकडा स्थिर झाला. त्या दिवसापासून हाताच्या करंगळीएवढ्या हालचालीला विमान ऐकू लागलं.

पहिल्यांदा तार हुकली तेव्हा मी चाकं टेकताच सवयीने थ्रॉटल मागे घेतला होता. हुक चारही तारांच्या पलीकडे टेकला. डेक संपलं, विमान तिरक्या कडेवरून खाली गेलं आणि पाण्यात. पडदा काळा झाल्यावर मी तसाच बसून राहिलो, कारण विक्रांतवरच्या त्या काकांचं वाक्य मला त्या क्षणी कळलं. तार धरली गेली की नाही, हे टेकताना वैमानिकाला माहीत नसतं. कळेपर्यंत वाट पाहिली तर जेट इंजिनाला जोर धरायला वेळ उरत नाही. म्हणून टेकताक्षणी पूर्ण पॉवर. तार लागली तर ती त्या जोरासकट विमानाला दोन सेकंदांत, शंभरेक मीटरांत थांबवते. नाही लागली तर विमान उडालेलंच असतं.

ऑगस्टच्या शेवटी एका रात्री ठिपका शेवटपर्यंत ओळीत राहिला. टेकलो, हात आपोआप पुढे गेला, आणि इंजिनं गर्जत असताना विमान जागच्या जागी थांबलं. पडद्यावर अक्षरं आली: तिसरी तार. बाबा झोपले होते, तरी त्यांना उठवून दाखवलं.

पण माझ्या मानेला झटका बसला नव्हता. चुकलो तर एक बटण दाबून पुन्हा सुरुवात करता येत होती. 18 मे 1961 रोजी लेफ्टनंट आर. एच. टहिलियानी यांनी ‘विक्रांत’वर पहिलं जेट उतरवलं, त्यांना असं बटण नव्हतं. 11 जानेवारी 2020 रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी आपल्या देशात बनलेलं नौदलाचं तेजस विमान ‘विक्रमादित्य’ या विमानवाहू नौकेवर पहिल्यांदा उतरवलं, त्यांनाही नव्हतं. या दोन तारखा पाठ्यपुस्तकात असायला हव्यात, असं मला मनापासून वाटतं.

मी उभा राहिलो होतो ते डेक आता नाही. विक्रांत 2014 मध्ये मुंबईतल्या दारूखान्यात तोडायला घेतली गेली. पण गोव्यात बोगमाळोजवळ नौदलाचं विमान संग्रहालय आहे आणि तिथे विक्रांतवरून उडणारं सी हॉक जेट उभं आहे. समुद्रावर जायच्या वाटेवरच आहे. मुलांना घेऊन जा, आणि विमानाच्या पुढे उभं राहून फोटो काढून झाला की मागे जाऊन शेपटाखाली वाकून बघा. हुक तिथे असतो.