रामदास, १:१००

मुलुंडच्या घरी माझ्या टेबलावर लॅपटॉपशेजारी एक पुठ्ठ्याची बोट उभी आहे. लांबी ५५ सेंटिमीटर, रुंदी जेमतेम ९. 'रामदास' १७९ फूट लांब आणि २९ फूट रुंद होती, त्याचं १:१०० प्रमाणात एवढंच होतं. टायटॅनिकचे किट ऑनलाइन हवे तेवढे मिळतात. रामदास हातानेच करावी लागते.

१७ जुलै १९४७, गटारीचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यांत आजीचा थोरला भाऊ होता, गिरणीतून सणाला घरी निघालेला.

बोट झाली, पण माणसांशिवाय ती शोकेसमधली वाटत होती. या प्रमाणात एका माणसाला लागणारी जागा म्हणजे साधारण तूरडाळीचा एक दाणा. सातशे दाणे घेतले. (पन्नास किलोने धरलं तरी ३५ टन. इंजिनिअरची खोड, हिशेब होतोच.) पसरले तर मावतात. सगळे एका कडेला लोटले, की बोट टेबलावरसुद्धा कलते. त्या दिवशी पाणी आत येऊ लागल्यावर लोक असेच एका बाजूला धावले होते.

दाणे मोजायला आजी बसली होती. "त्याला पोहता यायचं रे," एवढंच म्हणाली, आणि पुढचे दहा मोजले.