धाकटीस, संस्थेच्या किल्ल्या देताना

चि. धाकटीस,


एक तारखेपासून संस्थेचं काम तू बघणार. समोरासमोर सांगायला बसलो की दोघींपैकी एकीचा फोन वाजतो, म्हणून हे पत्र.

2020 चा एप्रिल तुला आठवत असेल. ऊसतोडीहून परतलेली माणसं गावाबाहेर थांबवली होती आणि आपण टेम्पोतून किट नेत होतो. पीठ, डाळ, तेल, मिठाची पुडी. एका म्हातारीने तुझा हात धरला तो सोडतच नव्हती. परतताना तू म्हणालीस, "मावशी, आपण आता हेच करायचं." मी काही बोलले नाही. त्या दिवसांत किट हवंच होतं. पण पुढच्या महिन्यात मी त्याच घरांत वही घेऊन गेले, तर बहुतेकांच्या ट्रंकेत रेशन कार्ड होतं. कार्ड असून धान्य नाही. त्या वहीनंतर मी वाटप बंद केलं आणि बायकांबरोबर दुकानाच्या आणि तहसीलच्या दारात उभी राहू लागले. काही जणांना ते आवडलं नाही. आपण द्यायचं सोडून मागायला लागलो, असं त्यांना वाटलं.

आपल्या देशात धान्य नाही म्हणून कुणी उपाशी राहत नाही. 2001 मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा राजस्थानात दुष्काळ होता आणि सरकारी गोदामं भरलेली होती. त्या खटल्यातल्या आदेशांनी शाळेतलं शिजवलेलं जेवण देशभर बंधनकारक झालं. पुढे 2013 चा अन्न सुरक्षा कायदा आला. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना 5 किलो, अंत्योदयच्या घराला 35 किलो. 2023 च्या जानेवारीपासून तेही मोफत. मग कार्ड ट्रंकेत का राहतं?

लग्न झालं की मुलीचं नाव माहेरच्या कार्डावरून कमी होतं आणि सासरच्या कार्डावर चढत नाही. चढवायला गेलं की उत्तर येतं, "इष्टांक संपला." हा शब्द तू पुष्कळ ऐकशील. केंद्राने राज्याला दिलेली लाभार्थ्यांची संख्या 2011 च्या जनगणनेवरून काढलेली आहे. तिची जिल्ह्या-तालुक्यांत झालेली वाटणी म्हणजे इष्टांक. त्या जनगणनेनंतर जन्मलेली पोरं आता हायस्कूलला जातात. पण माणसं वारतात, गाव सोडतात, जागा मोकळ्या होतात. म्हणून "संपला" हे तोंडी उत्तर घेऊ नकोस, लेखी माग. आणि बायकांना हे सांगत राहा की कायद्याने घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई ही कार्डासाठी कुटुंबप्रमुख आहे. पहिल्यांदा ऐकताना त्या एकमेकींकडे बघतात. त्यानंतर तहसीलमध्ये त्यांचा आवाज वेगळा लागतो.

आपली खरी कसोटी दसऱ्यानंतर. बीडमधल्या धारूर, वडवणी, पाटोद्याची गावं रिकामी होतात, जोडपी ऊसतोडीला, कोयत्यावर निघतात. म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं गावात, आई-बाप आणि तान्हं फडावर. घर एक, चुली दोन, कार्ड एकच. 'एक देश, एक रेशन कार्ड' योजनेत कुठल्याही दुकानात धान्य मिळतं, आणि थोडं इथे, थोडं तिथे असंही उचलता येतं. हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. कराड तालुक्यातल्या एका टोळीतल्या बायका दुकानावर गेल्या, तर दुकानदार म्हणाला, "तुमचा माल बीडला." मी तावातावाने भांडायला गेले. दीड तास भांडल्यावर कळलं की त्याचीही अडचण खरी होती. माल येतो तो त्याच्याकडे जोडलेल्या कार्डांच्या हिशेबाने. अचानक चाळीस माणसं वाढली तर त्याने द्यायचं कुठून? तेव्हापासून आपण मुकादमाकडून टोळीची यादी आधीच घेतो, बारा आकडी कार्ड नंबरांसह, आणि तिथल्या पुरवठा शाखेला महिनाभर आधी देतो. हे काम कुणाला दिसत नाही, त्याची बातमी होत नाही. पण किटने जेवढं पोट भरलं नसेल तेवढं या यादीने भरलं आहे.

अंगठ्याचं मात्र अजून सुटलेलं नाही. कोयत्याने आणि पाचटाने ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचाच अंगठा रेशन दुकानातलं मशीन ओळखत नाही. अशा बाईला परत पाठवताना बघितलं की माझं रक्त आजही तापतं. असा प्रकार झाला की तिथल्या तिथे तारीख, वेळ, दुकान लिहून घे. चार महिन्यांच्या नोंदी एकत्र ठेवल्या की साहेबांना मान वर करावी लागते.

देणगीदार फोटो मागतील. धान्य घेणाऱ्या बाईचा फोटो काढू द्यायचा नाही, कितीही मोठी रक्कम असली तरी. यावरून एक देणगीदार सोडून गेला आणि दोघी कार्यकर्त्यांचं चार महिन्यांचं मानधन थकलं. फोटोचा निर्णय मी पुन्हा तोच घेईन. मानधन थकलं ही मात्र माझी चूक. दोघी काही बोलल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. वर्षाच्या सुरुवातीला आधी त्यांचे पैसे बाजूला काढत जा, मग बाकीचं.

एक काम मला जमलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये सांगितलं आहे की वस्तीत सहा वर्षांखालची चाळीस मुलं असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळायला हवी. फडावरच्या खोपींमध्ये एवढी मुलं सहज असतात. मी अर्ज करायचे कारखाना सुरू झाल्यावर. कागद फिरेपर्यंत पट्टा पडायचा, म्हणजे हंगाम संपायचा, आणि टोळी परत निघायची. पहाटे चारला आई भाकऱ्या थापून फडात जाते, आणि तिचं दोन वर्षांचं पोर उन्हात गाडीखाली बसून ऊस चोखतं. म्हणून अंगणवाडीची मागणी ऑगस्टमध्ये करायला हवी, टोळ्या ठरतात तेव्हाच. गेल्या वर्षीच्या याद्या हिरव्या फायलीत आहेत.

सोमवारी सकाळी वडवणीला बारा सुनांची नावं चढवायचे अर्ज द्यायचे आहेत. सगळ्या जणी येणार आहेत, दोघी लेकरं घेऊन. प्रत्येकीचा अर्ज तिच्याच हाताने देऊ दे, आणि बाराव्या पोचपावतीवर शिक्का पडेपर्यंत तिथून उठू नकोस.

तुझी,
मावशी