घरचा जागल्या

घराला राखणदार हवा, हे कोण नाकारील? पण त्याने घरधन्यालाच दर खेपेस दारात अडवून नाव-गाव विचारले तर? प्रवरेकाठच्या आमच्या बेलापुरात ही मौज मी संगणकापाशी रोज अनुभवीत होतो. भाच्याने त्यात एक अँटिव्हायरस घातला, दुकानदाराने दुसरा. मग एक पत्र उघडेपर्यंत चहा निवून जाई!

बिचाऱ्यांचा दोष नाही. फाइल उघडली की तिची झडती घ्यायची, हा त्यांचा धर्मच. जुनी फिरती तबकडी मुळात संथ. त्यात जागले दोन, आणि एकाने धरलेली फाइल दुसराही धरणार!

ही विद्या आपल्याकडेही जुनी आहे. पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकरांनी बंधू संजय यांच्यासह १९९५ मध्ये ‘क्विक हील’ आणले. २०१२ च्या विंडोज ८ पासून तर राखणदार यंत्राबरोबरच येतो.

“मामा, सगळेच बंद करा, यंत्र धावेल,” भाचा म्हणाला. मी एकच काढला. त्या यंत्रात माझ्या आईने म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. दुसरी प्रत करून ठेवली आहे खरी. तरी त्या आवाजासाठी क्षणभर दारात तिष्ठायला माझी ना नाही.